डॉक्टरांच्या कोटाचं माप

शिंप्याच्या बायकोला दवाखान्याचं नाव काढलेलंही खपत नसे. दोन माणसांचं जेवायची, तरी कपडे अंगावर लोंबायचे. हात थरथरायचे, छाती धडधडायची, ऐन थंडीत पंखा लागायचा. "ही टेपच दगा देतेय बघ," म्हणत शिंपी तिच्या कपड्यांच्या शिवणी आत घ्यायचा.

एकदा डॉक्टरांच्या कोटाचं माप घ्यायला जाताना त्याने तिला सोबत नेलं. डॉक्टरांनी कोट राहू दिला आणि हिचीच नाडी धरली. मग रक्त तपासलं. "थायरॉईड ग्रंथी नको तेवढी धावतेय. गोळ्यांनी आवरू तिला, वजनही भरेल."

भरलं. इतकं, की एके सकाळी बाही दंडातच अडकली.

"झालं! तुम्ही जादाचं कापड कापून टाकलं असणार," ती करवादली.

शिंप्याने शिवण उसवली. आत मुडपलेलं कापड सगळं शाबूत होतं.

"टेप दगा देत होती ना? मग कापलं का नाही?"

"टेप कशाला दगा देईल?" उसवलेले दोरे वेचत तो म्हणाला, "आणि डॉक्टरांनी तरी कोट कुठे शिवायला टाकला होता?"