पळसाचं फूल

नदीकाठी चित्र काढायला बसलं की प्रेमदास मास्तर पोरांना पहिला धडा एकच देत, “डोळे किलकिले करा. झाड, दगड, माणूस, सगळं विसरा. नुसते रंग पाहा.” ते स्वतःही तसंच पाहत. असंच पाहून काढलेलं यशोदा नदीचं एक चित्र त्यांनी वर्गात टांगलं होतं. गढूळ पाणी, हिरवागार काठ आणि मधोमध एकच लाल ठिपका. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पोळा, १९५५’. त्या ठिपक्यानेच चित्राला जीव आला, असं जो तो म्हणे.

दोन वर्षांनी नदीच्या वरच्या अंगाच्या गावातून धुरपता धाकट्या पोराचं नाव शाळेत घालायला आली आणि त्या चित्रापुढे थबकली.

“मास्तर, पाण्यात हे लाल काय हाये जी?”

“पळसाचं फूल, बाई. दोन वर्षांमागं पोळ्याच्या दिवशी वाहत चाललं होतं.”

धुरपता चित्रावरची नजर न काढता म्हणाली, “पयस त शिमग्यात फुलते, मास्तर. त्या पोयाले माही थोरली पोरगी रुखमी लाल परकर घालून बैल धुवाले गेलती. बैलच तेवढे घरी आले.”

 

दुसऱ्या दिवशी पोरं सवयीप्रमाणे नदीकाठी डोळे किलकिले करून बसली, तसे कधी आवाज न चढवणारे मास्तर ओरडले, “डोळे उघडा रे! आधी पाण्यात कोणी आहे का, ते पाहा!”