एकतिसावा सराव

प्रसूती विभागाच्या शिपाईमामांनी सीलबंद पेटी खिडकीत ठेवली. आतून मोठ्या सिस्टरनी ती ओढून घेतली आणि गळ्यातल्या घड्याळाचं बटण दाबलं.

"सहा मिनिटं दहा सेकंद. मागच्या वेळेपेक्षा वीस सेकंद कमी."

"नुसत्या मिठाच्या पाण्याच्या पिशव्या, आणि ओढताय काय! लगीनघाई नुसती," मामा धापा टाकत म्हणाले.

खिडकी बंद झाली. मामा हसले. सिस्टर सरावातही कसर ठेवत नसत.

प्रसूती विभागाला दोनदा तपासणी पथकाने नापास केलं होतं. दुसरा अहवाल एकेचाळीस पानांचा होता. नवजात बाळांच्या खोलीत उबेची सोय नीट नाही, हात धुवायचं बेसिन गळतं, नोंदी अर्धवट. हे सगळं दुरुस्त झालं. बाळ जन्मताच आईच्या छातीवर ठेवायचं, तापमान दर पंधरा मिनिटांनी लिहायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. तिसरी तपासणी बिघडली तर विभागाला कुलूप लागणार होतं.

एकोणिसाव्या पानावरचं वाक्य मात्र मामांना पाठ होतं. 'रक्तस्राव सुरू झाल्यावर रक्त पोहोचण्यास बावीस मिनिटे लागली. नेणारा कर्मचारी गोंधळला.'

खरंच गोंधळले होते ते. त्या बाईची आई जिन्यात आक्रोश करत होती. तो ऐकून मामांचे हात जे थरथरायला लागले, ते थांबेनात. मागणीची चिठ्ठी खिशात असून ते ती शोधायला परत वर आले. बाई वाचली, पण अकरा दिवस मोठ्या रुग्णालयात होती.

मामांना दुसरीकडे हलवा, असं पथकाने सुचवलं होतं. "माणूस चांगला आहे. सरावाने होईल," सिस्टर म्हणाल्या आणि अडून बसल्या.

तेव्हापासून सराव सुरू झाले. मामांच्या स्टुलाजवळचा फोन वाजायचा, सिस्टर एकच शब्द बोलायच्या, "सराव." मामा उठायचे. लिफ्ट नाही, उतार. आवार ओलांडून रक्तपेढी. चिठ्ठी डाव्या खिशात. परत येऊन दारासमोरच्या लाल रेषेपाशी थांबायचं, पेटी खिडकीत द्यायची. रेषेपलीकडे कुणीही जायचं नाही, हा नवा नियम होता.

हात एकदाही थरथरले नाहीत. सरावाला कशाला थरथरतील?

रक्तपेढीतली मुलगी मात्र पेटी देताना घामाघूम व्हायची.

"अगं, सराव आहे. जरा हस की," मामा म्हणायचे.

"तुम्ही पळा हो मामा!"

"पळतोय, पळतोय. या वयात बायको पण एवढं पळवत नाही."

एका दुपारी सिस्टर जेवणाचा डबा न उघडताच बसलेल्या दिसल्या. मामांनी चहा आणून समोर ठेवला.

"कालचा सराव साडेसहा मिनिटांचा झाला म्हणून रुसलात का?"

"नाही हो. चांगला झाला." त्यांनी डोळे पुसले. "झोप नाही झाली."

मामा घुटमळले. "सिस्टर, एक मागू? महिनाअखेरीला मी निवृत्त होतोय. खऱ्या वेळेला दुसऱ्या कुणाला पाठवता, कळतं मला. पण एकदा तरी खऱ्याला मला पाठवा. नाहीतर त्या एकोणिसाव्या पानावर मी तसाच राहीन."

सिस्टरांनी कप उचलला. "बघू," एवढंच म्हणाल्या.

मग अठ्ठाविसावा सराव झाला, एकोणतिसावा, तिसावा. खरं बोलावणं आलंच नाही. एकतिसाव्याला पाच मिनिटं पन्नास सेकंद लागली. मामांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आता शर्यतीत उतरा." मामा हसले, पण जेवण गेलं नाही.

तिसरी तपासणी नेमकी त्यांच्या शेवटच्या दिवशीच आली. पथकाच्या प्रमुख बाई बाळांच्या खोलीत तासभर होत्या. त्यांनी तापमानाचे तक्ते पाहिले, नळ उघडून पाहिला. मग सिस्टरांच्या टेबलाशी बसून जाड वही चाळली. मामा दाराशी उभे होते. बाई एका पानावर थांबल्या, पुढचं उलटलं, परत मागे गेल्या.

"रक्त नेणारे हेच का?"

"हेच," सिस्टर म्हणाल्या.

मामांना वाटलं, एकोणिसावं पान पुन्हा निघणार.

बाई उठून त्यांच्यासमोर आल्या आणि त्यांनी हात जोडले. मामांनीही गोंधळून हात जोडले.

पथक गेलं तेव्हा चार वाजले होते. विभाग पास झाला. परिचारिकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, डॉक्टरीणबाई खुर्चीत बसून लहान मुलीसारख्या रडल्या. मामांनाही आनंद झाला. फक्त आपला वाटा त्यात किती, हे त्यांना कळेना. इतके महिने पाण्याच्या पिशव्या वाहिल्या, दुसरं काय?

"चला मामा, निरोप द्यायचाय तुम्हाला," सिस्टर म्हणाल्या. "खालच्या दालनात."

"हार वगैरे नको हं. मला लाज वाटते."

दालनाचं दार उघडलं आणि मामा थबकले. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. वीसेक बायका, प्रत्येकीच्या मांडीवर किंवा कडेवर मूल. कुणी दात येणारं, कुणी रांगायला धडपडणारं, एक तर इतकं लहान की दुपट्यातून नाकच तेवढं दिसत होतं. मामांना बघून सगळ्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

मामा दोन पावलं मागे सरले. "सिस्टर, आपण चुकीच्या दारातून आलो. आज लसीकरण दिसतंय."

"लसीकरण नाही."

"मग कोण या? मी तर एकीलाही ओळखत नाही."

"कसं ओळखणार? तुम्हाला लाल रेषेच्या आत कधी येऊच दिलं नाही." सिस्टरांनी त्यांचा हात धरला. "ज्यांना जमलं त्या आल्यात. मामा, हे तुमचे सराव."