सातशे बाराला काहीच होत नाही

मुलांनो, जरा अशी कल्पना करा की रेल्वेच्या डिझेल इंजिनाला दुरुस्तीची ठरलेली तारीखच नाही. जे दुखेल ते इंजिन स्वतः बोलून सांगतं, आणि फिटर तेवढंच उघडतात.

अशाच एका शेडमध्ये फिटर हेमलताबाईंनी सातशे बारा नंबरच्या इंजिनाला रोजचा प्रश्न विचारला, "काय रे, कुठे दुख..."

"छे छे, ठणठणीत आहे मी, ताई!" इंजिन म्हणालं.

त्याला थोड्याच वेळात भरलेली गाडी ओढत घाट चढायचा होता. हेमलताबाई इंजिन सोडायच्या कागदावर सही करणार, तोच सुट्टी म्हणून आईबरोबर आलेली रेवती म्हणाली, "आई, थांब. खोटं बोलतंय ते."

"तुला काय कळतं गं इंजिनातलं?"

रेवतीनं सगळ्यात मोठा पाना उचलून इंजिनाला नुसता दाखवला.

"डावीकडच्या मधल्या चाकाच्या बेअरिंगला तेवढा हात लावू नका हो!" इंजिन कळवळलं.

उघडून पाहिलं तर बेअरिंग पार झिजलं होतं. घाटात चाकच जाम झालं असतं.

"अरे, मग सांगितलं का नाहीस?" हेमलताबाई ओरडल्या.

"सांगितलं की तुम्ही उघडता ना!"

दुसरं इंजिन मागवून हेमलताबाई लेकीकडे वळल्या. "पण तुला कसं कळलं गं?"

रेवती जरा घुटमळली. मग तिनं पाना खाली ठेवला, मोठ्ठा आ केला आणि आठवडाभर लपवलेली किडकी दाढ आईला दाखवली.