तात्यांचा सोमवार

“ताट उचल, पोरी. आज सोमवार,” तात्या म्हणाले. होता गुरुवार.

पासष्ट साली पंतप्रधान म्हणाले होते, देशात धान्य कमी आहे, सोमवारी एक वेळ जेवू नका. माझ्या आजोबांनी तो सोमवार कधीच मोडला नाही. आता त्यांना वार आठवत नाहीत. ताट समोर आलं की सोमवारच असतो. सदरा अंगावर लोंबायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, पण पोटात अन्न जाऊ दे.

मी परवाच वक्तृत्वात पहिली आलेय. म्हटलं, तात्यांना पटवणं म्हणजे काय मोठंसं. पडद्यामागे उभी राहून रेडिओसारख्या खणखणीत आवाजात बातम्या दिल्या. “देशात धान्य भरपूर पिकलं आहे. पंतप्रधानांनी सोमवारचा उपास सोडायला सांगितलं आहे.”

तात्यांचे डोळे भरले. घास उचलून ते थांबले. “आधी शेजारी सांगून ये. बिचारे उपाशीच असतील.”

मी नाचतच दारापर्यंत जाऊन आले. घास ताटात परत ठेवलेला होता.

“कशाला वाढलंस, पोरी? आज सोमवार ना.”

मी पुन्हा पडद्यामागे गेले, पण आवाजच फुटेना.