द्राक्षबागेतला मेंढा

"ही द्राक्षबाग आहे की मेंढवाडा?" एत्तोरेंनी लेकीला पुन्हा टोमणा मारला.

ऑर्नेला नुसती हसली. इटलीतल्या त्या टेकडीवर वडिलांनी जन्मभर तणनाशक फवारलं होतं. बाग हाती येताच तिने फवारणी बंद केली आणि तण खायला मेंढ्या आणल्या. वडिलांनी तिला बजावलं होतं, "तुझी पहिली वाइन खपली नाही, तर मेंढ्या जातील आणि फवारणी परत सुरू होईल." आज मिलानहून वाइनचा मोठा व्यापारी यायचा होता.

तो आला, कोवळं गवत बघायला कौतुकाने वाकला, आणि मेंढ्याने मागून अशी धडक दिली की साहेब थेट चिखलात! धडपडत उठून तो जो पळत सुटला, तो तळघरात शिरला आणि त्याने आतून कडी लावून घेतली. ऑर्नेलाला वाटलं, झालं, संपलं सगळं!

ती दाराशी धावली. आत वडील पिंपं धूत होते. त्यांचा आवाज ऐकू आला, "घाबरू नका हो. बसा, हा घोट घ्या आधी. फवारणीच्या औषधाचा थेंब नाही यात."

ऑर्नेलाने दाराला कान लावला.

"ही सगळी वाइन मला हवी," अखेर व्यापारी म्हणाला. "भाव बोला."

"ते बाहेर मालकीणबाईंना विचारा," एत्तोरे म्हणाले. "मी इथे नुसती पिंपं धुतो."