नऊ-नऊ

नऊ-नऊ झाले आणि शिनोनं चेंडू जाळीत घातला. पुढचाही.

"अरेरे!" ती म्हणाली. "काका, तुम्ही आधी खेळत होता ना कुठे तरी?"

सेंदाईचे टायरविक्रेते काका सपाता फटफटवत टेबलाभोवती नाचले. अंगातला सैल सुती युकाता सुटता सुटता राहिला. मग खुशीत जेवायला बसून त्यांनी साकेची आणखी एक बाटली मागवली.

यामागाताच्या डोंगरात शिनोच्या आईचं विश्रामगृह होतं. गरम पाण्याची कुंडं, जेवण आणि टेबल टेनिस. आईनं मुलीला अक्षरओळखीच्या आधी एकच गोष्ट शिकवली होती : पाहुणा जिंकला पाहिजे, आणि आपण मुद्दाम हरलो हे त्याला कळता कामा नये. फार फरकानं हरलं की त्याला संशय येतो. म्हणून दोनच गुणांनी हरायचं.

निशिओ सर पाठ शेकायला आले होते. ते खेळाडू घडवायचे. पहिल्या दिवशी ते अकरा-नऊ जिंकले. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं खेळले, अकरा-नऊ. तिसऱ्या दिवशी बॅट ठेवून त्यांनी पायातली सपात हातात घेतली. अकरा-नऊ.

ते तडक आईकडे गेले. "बाई, तुमची मुलगी सपातेपुढेसुद्धा दोनच गुणांनी हरते!"

"चुकलंच तिचं," आई ओशाळली. "समज देते तिला."

"समज नका देऊ. मला द्या तिला!"

आईनं विचार केला. "राष्ट्रीय स्पर्धा जिंकली तर तुमची. नाही जिंकली तर एप्रिलपासून इथं ताटं उचलेल."

शिनोला ताटं उचलायची नव्हती. तिला एकदा, खरोखर, जिंकायचं होतं.

पण नऊ-नऊ झाले की तिचं मनगट आपोआप नम्र व्हायचं.

"ती पाहुणी नाही, शत्रू आहे!" सर ओरडायचे.

"पण सर, लांबून आलीय हो बिचारी."

पहिला सामना जिंकली तेव्हा तिनं हरलेल्या मुलीच्या आईचीही माफी मागितली. हळूहळू मात्र ती सुधारली, म्हणजे उद्धट झाली. जिल्हा जिंकली, मग अख्खा ईशान्य भाग. गावच्या पोस्टात तिचा फोटो लागला.

अंतिम सामना दूर दक्षिणेला, बेप्पूत होता. रस्त्याकडेच्या गटारांतून गरम झऱ्यांची वाफ येत होती. शिनोला घरच्यासारखं वाटलं. समोर होती गतवर्षीची विजेती रुरिको, तिथलीच मुलगी. सगळं प्रेक्षागृह तिच्या बाजूचं.

प्रत्येक डाव अटीतटीचा झाला. दोघींचे दोन-दोन झाले. शेवटच्या डावात पुन्हा नऊ-नऊ.

शिनोचं मनगट क्षणभर घुटमळलं. मग तिनं दात आवळून चेंडू हाणला. दहा. पुढचा चेंडू रुरिकोनं जाळीत घातला.

निशिओ सर टॉवेलात तोंड खुपसून रडले. वर बसलेली आई उठली, त्यांच्याकडे वळून कमरेत वाकली आणि म्हणाली, "तुमची झाली."

शिनोला हसू आवरेना. या वेळी ती कुणाचीही माफी मागणार नव्हती.

रुरिको टेबलाला वळसा घालून आली. तिला फारसा घामही आला नव्हता. ती नीट, खोल वाकली.

"लांबून आलात, दमला असाल. आई म्हणतेय, कुंडात अंग शेकून, जेवूनच जा. आमच्या विश्रामगृहातून आजवर एकही पाहुणा नाराज होऊन गेलेला नाही."