भिंतीची बोटं
फ्रान्सातल्या कॅले गावची लेस नवरीच्या अंगावर शुभ्र दिसते, पण यंत्रातून निघते काळीच. यंत्राला तेल चालत नाही, शिसपेन्सिलीतल्या शिशाची भुकटी लागते. लेस धुतली की पांढरी होते. कारागिराचे हात काही होत नाहीत.

शनिवारी झेली नाचाहून परतली, तर आईने तिला दारातच धरलं. "पाठीवर हे काय गं?"

"भिंतीला टेकले होते."

"भिंतीला बोटं कधीपासून फुटली? चांगली पाच आहेत! लेसवाला आनातोलच ना तो? त्यापेक्षा बेकरीवाल्याचा गास्पार काय वाईट आहे? हात झटकले की पीठ गेलं. तुझ्या बापाचे सदरे घासण्यात माझा जन्म गेला. त्या लेसवाल्याला मी या घराचा उंबरा ओलांडू देणार नाही, सांगून ठेवते!"

झेली रडकुंडीला आली. नुकतेच कामावरून आलेले बाबा परसात शीळ घालत हात धूत होते. आई तणतणत चुलीकडे वळली आणि तिच्या झग्याच्या पाठीकडे बघून झेलीला एकदम हसू फुटलं.

"आई," ती म्हणाली, "तूही भिंतीला टेकली होतीस का गं?"